नातं निवडा

पाळणाघराच्या दारावर रोज पाच वाजता जो गोंधळ व्हायचा, त्याचं खापर शेवटी वेबवालीच्या डोक्यावर फुटलं. ते तिथेच फुटायला हवं होतं म्हणा, कारण सगळी हौस तिचीच होती.

पाळणाघर तळमजल्यावरच्या दोन जोडखोल्यांत होतं. बत्तीस मुलं, बत्तीस खुंट्या आणि खुंटीखाली बत्तीस कप्पे. आत शिरलं की दुधाचा, फिनेलचा आणि नुकत्या वाळलेल्या चादरींचा मिळून एक वास यायचा. बाहेरच्या बाजूला लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याची कडी आतून लागायची. त्या कडीपाशी स्टुलावर ताई बसायच्या. पंचावन्न उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण बसल्या जागेवरून बत्तिसांपैकी कोणाचं नाक वाहतंय ते बरोबर सांगणाऱ्या. न्यायला कोणी आलं की ताई मुलाला हाक मारायच्या. "बघ रे, कोण आलंय तुझं?" मूल जाळीशी यायचं, "बाबा" म्हणायचं, "आत्या" म्हणायचं, आणि मग कडी निघायची. वहीतली सही त्यानंतर. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

वेबवालीचं खरं नाव वहीत होतं, पण ती कंपनीत बसून 'वेबचं काहीतरी' करते एवढं कळल्यापासून ताईंनी तिचं बारसंच करून टाकलं होतं. "ये गं वेबवाले, तुझी टिटवी सकाळपासून कान किटवतेय." टिटवी म्हणजे तिची साडेचार वर्षांची मुलगी. झोपेतसुद्धा बडबडायची, म्हणून टिटवी. टिटवीचा बाप मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता; सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. पाण्यावर असला की आठवड्यातून एकदा फोन लागला तर लागला. माहेर लांब, सासर त्याहून लांब. त्या शहरात तिला टिटवी होती आणि टिटवीला ती.

तर पाळणाघराचं संकेतस्थळ तिनेच हौसेने बनवून दिलं होतं. मूल किती वाजता आलं, किती वेळ झोपलं, दूध प्यालं की सांडलं, कोण घेऊन गेलं, सगळं आईबापांना फोनवर दिसायचं. पाळणाघराच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत, त्या खूश होत्या. फक्त एक अडचण होती. न्यायला येणाऱ्याने फोनवर आपलं खातं उघडून दाखवायचं, आणि पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नव्हता. पाच वाजले की जाळीबाहेर वीस माणसं मान खाली घालून फोनवर बोटं आपटत उभी. आत मुलांची रडारड.

"तुझ्या त्या वेबपेक्षा माझी वही बरी होती," ताई म्हणाल्या. "वही कधी म्हणाली नाही, शब्द चुकला म्हणून."

हे तिला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसमधलं काम बाजूला सारून तिने उपाय केला. पासवर्डच काढून टाकायचे. त्याऐवजी एकच बटण: 'बाहेरच्या खात्याने प्रवेश करा'. ईमेलचं खातं जिच्याकडे असतं अशी एक मोठी कंपनी सगळ्यांनाच ओळखते. बटण दाबलं की माणूस तिच्या दारात जातो, ती कंपनी त्याला ओळखते आणि पाळणाघराला उलट सांगते, होय, हा अमुक. तिथे जाऊन नोंदणी करायची, एक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली घ्यायची, बटण लावायचं, परतीचा पत्ता लिहायचा. नमनाला घडाभर तेल नाही की काही नाही. चार वाजेपर्यंत काम झालंसुद्धा.

ताईंना तिने तसंच समजावलं. "समजा, तुमच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला. तुम्ही त्याला ओळखत नाही. पण तुमच्या ओळखीचा चांगला माणूस म्हणाला, मी ओळखतो याला. झालं की काम. आपण तपासायचं नाही, त्याने तपासलेलं असतं."

दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या टॅबवरचं ते बटण ताईंनी बराच वेळ पाहिलं. "आणि तो जो ओळख देतो, त्याला कोण ओळखतं?"

"त्याला सगळेच ओळखतात, ताई."

पहिल्याच संध्याकाळी घोड्याने पेंड खाल्ली. वहीत लिहिलेले ईमेल एक आणि लोक वापरत होते भलतेच. बाहेरची कंपनी सांगायची, हा अमुक; पाळणाघर म्हणायचं, आमच्याकडे असा कोणी नाही. जाळीबाहेर पुन्हा वीस माणसं. मग वेबवालीने तिथेच, चपलांच्या रॅकवर लॅपटॉप ठेवून, एक ओळ लिहिली. बाहेरून ज्याची ओळख आली त्याला आत घ्यायचं, आणि मूल कोणतं ते त्यानेच सांगायचं. समोर यादी उघडायची: 'नातं निवडा'. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, मामा, मावशी, आत्या. निवडलं की हिरवी खूण. त्या ओळीच्या डोक्यावर तिने 'तात्पुरतं' असं लिहिलं. या धंद्यातल्या माणसाला विचारा, तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं.

दोन दिवसांनी कोणा बाईने दोन ईमेलांनी प्रवेश केला आणि एका मुलाला दोन आया दिसायला लागल्या. दारावर हशा पिकला. वेबवालीने आणखी एक नियम घातला: एका मुलाला आई एकच. नवी आली की जुनी नोंद आपोआप पुसली जाईल.

आणि तिसरी गोष्ट तिने बाईंना सांगून बंद करवली ती ताईंचा प्रश्न. हिरवी खूण दिसल्यावर पुन्हा मुलाला कशाला विचारायचं? मूल खेळात असतं, रुसलेलं असतं, यायला वेळ लावतं. ताईंनी त्या दिवशी कडी जरा जोरात सरकवली.

महिनाभर सगळं सुतासारखं सरळ चाललं. पाच वाजताची गर्दी सव्वापाचला ओसरायची. बाईंनी वेबवालीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि टिटवी आईचा पदर धरावा तसं तिच्या कुर्त्याचं टोक धरून ऐटीत उभी राहिली.

मग एका मंगळवारी वेबवाली ऑफिसात नोंदींवरून सहज नजर फिरवत होती. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असायच्या: मूल, नातं, वेळ आणि ओळख कोणी दिली. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्या एकाच कंपनीचं नाव. बटणच एक होतं, दुसरं येणार कुठून. पण एका नोंदीत तो रकाना कोरा होता. मूल: चश्मिस, म्हणजे जाड भिंगांचा तो शांत मुलगा. नातं: आजोबा. वेळ: चार वाजून पन्नास मिनिटं.

तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सर्व्हरचं घड्याळ पुढे असेल, असं ती म्हणाली. तपासलं तर ते बरोबर होतं. मग नोंद करताना काहीतरी गफलत झाली असेल. संध्याकाळी टिटवीला घ्यायला गेल्यावर तिने ताईंना विचारलं, चश्मिसला आज कोणी नेलं?

"आजोबांनी."

"कसे होते?"

"कसे म्हणजे? आजोबा कसे असतात? आजोबांसारखे." ताई आठवायला लागल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चांगले होते गं. बूट अगदी कोरे होते. दारातली पायरी चढताना पाय उचलला तेव्हा दिसलं, तळव्याला धूळ म्हणून नाही."

वेबवालीने चश्मिसच्या आईला फोन केला. संकेतस्थळासाठी त्या मुलाचा अर्ज तिनेच भरून घेतला होता आणि आजोबांच्या जागी रेघ मारल्याचं तिला पक्कं आठवत होतं. दोन्हीकडचे आजोबा मुलाच्या जन्माआधीच गेले होते. पलीकडून चश्मिसची आई म्हणाली, हो, आजोबांनीच आणलं, का हो? मागे भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी खोकलं.

दुसऱ्या दिवशी चश्मिस वेळेवर आला. डबा खाल्ला, झोपला, उठला. वेबवाली मुद्दाम लवकर गेली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"तुझे आजोबा कुठून आले रे?"

त्याने ठोकळे रचता रचता सांगितलं, "ते आधीपासूनच आहेत. आम्हाला माहीत नव्हतं."

मुलं काहीही बोलतात, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. टिटवीचा हात घट्ट धरून ती घरी आली आणि त्या संध्याकाळी तिने तिला खिडकीशीसुद्धा जाऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोऱ्या रकान्याच्या आणखी तीन नोंदी आल्या. एक आजी, एक आत्या, एक काका. सगळ्यांच्या वेळा पुढच्या. काकाची नोंद तिला दुपारी तीन वाजताच दिसली: मूल, दोन शेंड्यांची बिट्टी, वेळ, चार चाळीस. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली आणि सव्वाचारपासून पाळणाघरासमोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिली. रस्ता सरळ होता. डावीकडून एक सायकल आली, उजवीकडून दोन बाया भाजीच्या पिशव्या घेऊन गेल्या. तिने नजर हलवली नव्हती, हे ती शपथेवर सांगू शकली असती. तरी चार चाळीसला जाळीसमोर एक माणूस उभा होता.

तो कुठून आला ते तिला दिसलं नाही. त्याने घंटी वाजवली नाही. ताईंनी टॅब पाहिला, कडी काढली. बिट्टी बाहेर आली आणि तिने आपण होऊन त्याच्या हातात हात दिला. माणूस वळला तेव्हा वेबवालीने चेहरा नीट पाहिला. साधा, नीटनेटका चेहरा होता, रोज कुठेतरी दिसणारा. तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला आणि ती आठवायला गेली, तर तिला फक्त एवढंच आठवलं की तो काकांसारखा होता.

बिट्टीचे बाबा फोनवर म्हणाले, "काका? माझा धाकटा भाऊ."

"तुम्ही एकुलते एक आहात ना? अर्जात तसं लिहिलंय."

"थांबा हं," ते म्हणाले. मग आवाज एकदम मोकळा झाला. "नाही, धाकटा आहे. आहे ना. आमच्याकडेच असतो."

ती धावतच रस्ता ओलांडून जाळीशी गेली. "ताई, माझं चुकलं. तो प्रश्न पुन्हा विचारायला लागा. आत्तापासून. प्रत्येक मुलाला."

ताईंनी मान हलवली. "मी बंद केलाच नव्हता गं. बाईंच्या नकळत विचारत होते, हळूच. बिट्टीलाही विचारलं." त्यांनी पदराने टॅब पुसला. "काका, असं म्हणाली ती. चटकन म्हणाली. बाकीची तर जरा वेळ लावतात."

ऑफिसात तिच्या शेजारी गुरुजी बसायचे. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, मग या धंद्यात आले. चुका काढायची सवय जुनी, म्हणून कंपनीने चुका काढायच्याच कामाला लावलं. वेबवालीने त्यांना सगळं दाखवलं. बाहेरची कंपनी जेव्हा ओळख देते तेव्हा एक मोहोरबंद चिठ्ठी पाठवते. मोहोर जुळली तरच चिठ्ठी खरी. गुरुजींनी कोऱ्या नोंदींच्या चिठ्ठ्या एकेक करून उघडल्या. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा उघडल्या.

"मोहोर जुळते," ते म्हणाले. "सगळ्यांची जुळते. पण कोणाची मोहोर आहे ते लिहिलेलं नाही."

"मग जुळते कशाशी, गुरुजी?"

"तेच तर. अगं, तुझ्या दाराने ही माणसं आलेली नाहीत. आणि दार तर तू एकच ठेवलंयस." त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. "काढून टाक सगळं. बटण काढ, ती तात्पुरती ओळ काढ. वही परत आण. उशीर करू नकोस."

तिने त्याच दिवशी सगळं काढलं. बटण गेलं, 'तात्पुरतं' गेलं, यादी गेली. बाईंना काय कारण सांगायचं ते न सुचल्याने तिने 'दुरुस्ती चालू आहे' असं सांगितलं. ताईंनी कपाटातून वही काढून मांडीवर घेतली. पण टॅब काही खुंटीवरून उतरला नाही, कारण बाईंना त्याची सवय झाली होती. आणि दुसऱ्या दिवशी कोरा रकाना पुन्हा उगवला. मामा. वेळ पाच वाजून पाच.

त्यानंतर वेबवाली टिटवीला पाळणाघरात पाठवेना. दोन दिवस तिने घरून काम केलं. टिटवी पलंगावर उड्या मारत होती, गोष्टी सांगत होती, आईच्या गळ्यात पडत होती, आणि दारावर कुरियरवाल्याची टकटक झाली तरी वेबवाली आधी तिला आतल्या खोलीत न्यायची. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, ग्राहक येणार आहे, यावंच लागेल. तिने टिटवीचा हात ताईंच्या हातात दिला आणि बजावलं, मी सोडून कोणालाही देऊ नका, टॅब काहीही म्हणू दे.

"अगं वेबवाले, वेडी की काय तू," ताई म्हणाल्या. "तुझ्या पोरीला मी ओळखत नाही का? तुला ओळखत नाही का?"

ग्राहकाची बैठक साडेतीनपर्यंत चालली. ती जागेवर परतली, पाणी प्यायली आणि नोंदी उघडल्या.

मूल: टिटवी. अर्थात तिथे तिचं खरं नाव होतं, जे वेबवालीने आणि जहाजावरच्या बापाने फोनवर भांडून भांडून ठरवलं होतं. नातं: आई. वेळ: चार पस्तीस. ओळख कोणी दिली: काही नाही.

तिने आपली स्वतःची नोंद शोधली. ती नव्हती. एका मुलाला आई एकच. नवी आली की जुनी पुसली जाते. नियम तिचाच होता आणि तो चोख काम करत होता.

तिने नवी नोंद पुसली. पान पुन्हा उघडलं. नोंद होती. पुन्हा पुसली. होती. तिने स्वतःच्या नावाने आत शिरायचा प्रयत्न केला तर पडद्यावर तिनेच कधीतरी लिहिलेलं वाक्य आलं: 'तुमची ओळख पटली नाही. कृपया पाळणाघराशी संपर्क साधा.'

तिने पाळणाघराला फोन लावला. बाईंनी उचलला.

"बाई, मी बोलतेय. टिटवीला कोणाला देऊ नका, मी निघालेच."

"आपण कोण बोलताय?"

"बाई, मी! टिटवीची आई!"

"त्यांचा आवाज मला माहीत आहे हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा फोन दुसऱ्या कोणाला तरी लागायचा असेल, इथे लागला." आणि फोन ठेवला.

ती ताडकन उठली. खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. गुरुजींनी पडद्यावरून मान वर केली.

"गुरुजी, टिटवीची नोंद आली. मी जाते. तुम्ही तेवढं हे बंद..."

गुरुजी तिच्याकडे पाहत होते. फार आदराने पाहत होते. त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना," ते म्हणाले. "कोणाकडे काम होतं आपलं?"

ती जिना उतरली ते तिला कळलंच नाही. रिक्षा मिळेना. ती पळायला लागली. ऊन तिरकं झालं होतं, रस्त्यावर शाळेच्या बस उभ्या होत्या, फुटपाथवर एकाने टरबुजं मांडली होती. तिने पळता पळता फोन काढला आणि जहाजावरचा नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात म्हणाली. तिने फोटो उघडले. टिटवीचे चारशे फोटो होते. टिटवी एकटी, टिटवी बापाबरोबर, टिटवी खिडकीत. ती स्वतः कुठेच नव्हती. मग आठवलं, फोटो काढणारी नेहमी तीच असायची. पण पुरावा म्हणून दाखवायला एकही नव्हता.

औषधाच्या दुकानाशी ती पोहोचली तेव्हा चार एकतीस झाले होते.

जाळीबाहेर कोणी नव्हतं. तिने दोन्ही हातांनी जाळी धरली. लोखंड उन्हाने तापलेलं होतं.

"ताई! ताई, कडी काढा!"

ताई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. जाळीतून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काळजी होती, माया होती, आणि ओळख नव्हती.

"काय झालं हो? बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?"

"ताई, मी वेबवाली. अहो, सकाळीच म्हणालात ना, तुला ओळखत नाही का म्हणून. टिटवीला बोलवा. तिला विचारा. तुमचा तो प्रश्न विचारा ना तिला!"

ताई क्षणभर घोटाळल्या. मग त्यांनी मागे वळून हाक मारली. बाईमाणूस रडत होतं तेवढ्यासाठी की आणखी कशासाठी, कोण जाणे. पण त्यांनी हाक मारली.

टिटवी आली. दोन्ही गुडघ्यांना रंग लागलेला, एक मोजा खाली घसरलेला. वेबवाली खाली बसली. आता दोघींचे चेहरे समोरासमोर होते, मध्ये फक्त जाळी.

"बघ गं," ताई म्हणाल्या. "कोण आलंय?"

टिटवीने निरखून पाहिलं. तिने मान एका बाजूला केली, जशी ती कोडं घातल्यावर करायची. वेबवालीने जाळीतून दोन बोटं आत घातली. टिटवीने ती बोटं धरली, मऊ, गरम, रंगाने चिकट झालेल्या हाताने.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही रडू नका. माझी आई येईलच आता. ती सगळ्यांना ओळखते. ती सांगेल तुम्ही कोण ते."



मग टिटवीची नजर वर गेली, तिच्या खांद्यावरून मागे, आणि चेहरा उजळला. हा चेहरा वेबवालीला ठाऊक होता. रोज पाचला तो तिलाच पाहून उजळायचा.

"आलीस?" ताई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "ये गं. बरं झालं बाई लवकर आलीस. या बघ, कधीच्या रडताहेत. तू ओळखतेस का यांना?"

मागे कोणीतरी उभं होतं. पावलांचा आवाज आला नव्हता. वेबवालीने वळून पाहिलं नाही. तिला वाटलं, चेहरा पाहिला तर उरलंसुरलं तेही हातचं जाईल.

"हो," मागून आवाज आला. "ओळखते की मी."

रोज सकाळी टिटवीला उठवताना तो आवाज तिच्या कानावर पडायचा. तिच्याच गळ्यातून निघालेला.

"मग नोंद करून टाकते," ताई म्हणाल्या. त्यांनी टॅब खुंटीवरून काढला आणि जाळीशी धरला. पडद्यावर यादी उघडली होती, जी वेबवालीने काढून टाकली होती. नातं निवडा. 'आई' हा शब्द फिकट राखाडी झाला होता. त्यावर बोट ठेवलं तरी काही होत नव्हतं. तिने तीनदा ठेवून पाहिलं.

चार चौतीस.

ओरडावं, दगड उचलावा, गर्दी जमवावी, असं तिच्या मनात आलं. गर्दी जमली असती. आणि गर्दीने तिला हाताला धरून प्रेमाने दूर नेलं असतं, आणि टिटवी या दुसरीबरोबर एकटी गेली असती. जाळीतून तिची दोन बोटं अजून टिटवीच्या मुठीत होती. ती मूठ सोडून जगायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.

तिने दुसऱ्या हाताने 'मावशी' निवडलं.

हिरवी खूण आली. कडी सरकली.

"मावशी!" टिटवी आनंदाने ओरडली आणि तिच्या गळ्यात पडली. केसांना रोजचाच वास होता. मग ती तिच्यापासून सुटली आणि पळत मागे गेली. एका हातात दुसरा हात जाण्याचा तो लहानसा आवाज वेबवालीला ऐकू आला.

ताईंनी जाळी लावून घेतली. आत कोणीतरी मुलांना दूध देत होतं, पेल्यांचा आवाज येत होता. रस्त्यावर ऊन होतं. वेबवाली गुडघ्यांवरची धूळ न झटकताच उठली आणि पाठमोरीच उभी राहिली.

मागून कोणीतरी तिच्या खांद्याला हळूच हात लावला.

"तुम्ही पुढे चला," तो तिचाच आवाज अदबीने म्हणाला. "घर मला अजून माहीत नाही."